गांडूळ मेलं, म्हणून जंत मेला?

तालुक्याच्या गावी शेळीपालकांचा मेळावा होता. मंडपात दीडदोनशे माणसं, पुढे बाया बसलेल्या, मागे पोरं उभी. जंतांचा विषय निघाला आणि व्यासपीठावर सरळ दोन तट पडले. एक वक्ते म्हणाले, शेळीच्या पोटात केमिकल ओतणं बंद करा. बांधावर कडुनिंब आहे, रानात पळस आहे, वाण्याकडे वावडिंग मिळतं, आपल्या पूर्वजांना काय कळत नव्हतं? टाळ्या पडल्या. मग एक निवृत्त पशुवैद्य उठले. झाडपाल्याचे हे लाड पुरे झाले म्हणाले, दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला औषध पाजा आणि मोकळे व्हा. त्यांनाही टाळ्या पडल्या, जरा कमी. पुढे तासभर वाद चालला. त्यात ऋषिमुनी आले, परदेशी कंपन्या आल्या, कॅन्सर आला, शेळ्यांच्या मेळाव्यात गोमातासुद्धा येऊन गेली. एक साधा प्रश्न मात्र कुणाच्या तोंडून निघाला नाही: पाजण्याआधी लेंडीत जंतांची अंडी किती होती, आणि पाजल्यावर किती उरली?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. झाडपाल्याला औषध म्हणायचं असेल तर त्याला औषधाच्याच काट्यावर तोला. तोवर तो चारा म्हणून खुशाल घाला, पण रक्त आटून पापण्या आतून पांढऱ्या पडलेल्या शेळीला त्याच्या भरवशावर ठेवू नका. आणि तोच काटा बाटलीतल्या औषधालाही लावा, कारण तेही आता पूर्वीसारखं वजन दाखवत नाही. ‘नैसर्गिक की रासायनिक’ ही वाटणी माणसांनी केलेली आहे. जंताला त्यातलं काही कळत नाही.

आधी ज्याच्यावरून भांडतो आहोत तो प्राणी बघू. शेळ्यामेंढ्यांना सगळ्यात जास्त छळणारा जंत म्हणजे हिमॉन्कस. लांबी दोनतीन सेंटिमीटर, जाडी केसाएवढी. मादी दिसायला अशी की लाल आणि पांढरा दोरा एकत्र वळावा: लाल तिच्या आतड्यातलं शेळीचं रक्त, पांढरा तिचा अंडाशय. ती शेळीच्या चौथ्या पोटात राहते आणि दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. एक जंत दिवसाकाठी साधारण 0.05 मिलीलिटर रक्त खर्ची घालतो. थेंब ना टिपूस, वाटेल. पण पोटात हजार जंत असले तर रोजचं 50 मिलीलिटर होतं, म्हणजे अर्धा कप चहाएवढं रक्त रोज. मागे माझ्या एका पाठीच्या, म्हणजे तरण्या शेळीच्या, जबड्याखाली सकाळी पाण्याची थैली लोंबताना दिसली. हाताला गार, बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. खालची पापणी उलटी करून पाहिली तर आतला भाग सुती कापडासारखा पांढरा. हगवण नव्हती, लेंड्या टणक होत्या, शेणात एकही जंत नव्हता. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं एकमत झालं, हिला जंत नाहीत, कुणाची तरी नजर लागली.

झाडपाल्याच्या वादातली पहिली मेख इथंच आहे. दिसतो तो जंत सहसा मारत नाही, आणि मारतो तो दिसत नाही. करडांच्या शेणात भाताच्या शितासारखे जे तुकडे पडतात ते पट्टकृमीचे. बघून किळस येते, पण करडाचं त्याने फारसं बिघडत नाही. आपली जुनी जंतनाशकं, म्हणजे पळसपापडी (पळसाच्या बिया), शेंद्रीच्या फळांची लाल भुकटी, सुपारी, यांची ख्याती मुख्यतः पट्टकृमी आणि मोठ्या गोलकृमींवरची. सुपारीतल्या अरेकोलिनने न्यूझीलंडमध्ये एके काळी हजारो कुत्र्यांचे पट्टकृमी पाडले, तेव्हा ही ख्याती पोकळ मुळीच नाही. पण औषध पाजलं, दुसऱ्या दिवशी शेणात फिती पडल्या, घरातल्यांनी डोळ्यांनी पाहिल्या, ‘गुण आला’ असं ठरलं. आणि चौथ्या पोटातला केसाएवढा जंत होता तिथंच रक्त ओढत बसला. अनुभव खरा आहे. तो भलत्याच जंताचा आहे.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मोकळेपणी मान्य करू, कारण ते बरंच आहे. बाटलीतली औषधं थकत चालली आहेत ही अफवा नव्हे. थायाबेंडाझोल 1961 साली बाजारात आलं, आणि त्याला न जुमानणारे जंत 1964 सालीच नोंदले गेले. आयव्हरमेक्टिन 1981 साली आलं, त्याचंही पुढे तेच झालं. मोनेपँटेल 2009 साली न्यूझीलंडमध्ये विकायला आलं, आणि चार वर्षांत तिथल्याच शेळ्यांमध्ये निकामी ठरल्याची नोंद झाली. आपल्याकडच्या सरकारी मेंढी प्रक्षेत्रांवरही फेनबेंडाझोलचं हेच रडगाणं आहे. दुसरं, आयव्हरमेक्टिन शेणावाटे बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. तिसरं, अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीला दिलं तर पोटातल्या पिल्लाला इजा होऊ शकते, आणि हे बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलं वाचायला कुणाला वेळ असतो? चौथं सगळ्यात महत्त्वाचं: दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, घेऊन कोकणात उतरलेल्या मेंढपाळाला दवाखाना कुठे भेटणार? त्याच्या हाताशी जे आहे त्यातूनच तो मार्ग काढणार. पुण्याच्या अंथ्रा संस्थेने बायकांकडचं जनावरांच्या औषधांचं ज्ञान गावोगाव जाऊन टिपून ठेवलं, ते काही हौस म्हणून नव्हे. त्या ज्ञानाला ‘अंधश्रद्धा’ म्हणून झटकणारे पशुवैद्य मला त्या मंडपात सगळ्यात अडाणी वाटले.

शिवाय काही वनस्पतींच्या बाजूने चांगला पुरावा आहे. टॅनिन, म्हणजे ज्यामुळे जांभळाची साल चावली की तोंड आवळतं ते द्रव्य, जास्त असलेला चारा खाल्ल्यावर शेळ्यामेंढ्यांच्या लेंडीतली अंडी कमी होतात, हे अनेक ठिकाणी मोजून दिसलं आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात सेरिसिया लेस्पेडेझा नावाची द्विदल वनस्पती वाळवून घालतात. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत टॅनिनयुक्त पाल्याच्या मिश्रणावर हिमॉन्कस झालेल्या मेंढ्यांमध्ये प्रयोग झाले. बाभळीच्या शेंगा आणि झाडांचा पाला ओरबाडणारी आपली शेळी यातलं थोडंफार आपल्या जिभेने करतच असते. यावर एक चांगला युक्तिवाद केला जातो: 95 टक्के अंडी कमी झाली पाहिजेत ही कसोटी बाटलीतल्या औषधाची, ती पाल्याला का लावता? पाल्याने 40 टक्के जरी कमी झाली तरी चराऊ रानात तेवढ्या अळ्या कमी पडतील, पुढच्या महिन्यात सगळ्या कळपाचं ओझं हलकं होईल. मला हे पटतं. पण हा युक्तिवाद चाऱ्याचा झाला, औषधाचा नव्हे. ज्या शेळीच्या जबड्याखाली पाणी उतरलं आहे तिला पुढच्या महिन्याचं आश्वासन देऊन काय उपयोग? तिच्याकडे चारसहा दिवस असतात. तिथं 40 टक्के म्हणजे ती मेली.

‘संशोधनाने सिद्ध झालंय’ या वाक्याकडेही जरा निरखून पाहू. वनस्पतीच्या अर्काने जंत मरतात असं सांगणारे आपल्या देशातले कितीतरी शोधनिबंध उघडून बघा, प्रयोग कशावर केलेला असतो? फेरेटिमा पोस्थुमा नावाच्या प्राण्यावर. नाव भारदस्त आहे. प्राणी म्हणजे आपलं गांडूळ. काचेच्या बशीत गांडूळ ठेवायचं, वर अर्क ओतायचा, ते किती मिनिटांत लुळं पडतं, किती मिनिटांत मरतं ते घड्याळावर पाहायचं. गांडूळ परजीवी नाही, कुणाच्या पोटात राहत नाही, त्याची कातडी वेगळी, जगणं वेगळं. सोपं, फुकट मिळणारं म्हणून ते घेतलं जातं. गंमत अशी की जो वक्ता सकाळच्या सत्रात गांडूळखताची थोरवी सांगून गेला, तोच दुपारी गांडूळ मारणाऱ्या अर्काचा पुरावा नाचवत होता. आणि समजा बशीत खरा हिमॉन्कस घेतला आणि तो मेला, तरी पुढे काय? शेळीच्या तोंडातून गेलेला अर्क आधी कोटीपोटात जातो. ते पाण्याने, चाऱ्याने आणि अगणित सूक्ष्मजीवांनी भरलेलं आंबवणाचं भांडं आहे. अर्क तिथं पातळ होतो, मोडतो, आंबतो. चौथ्या पोटापर्यंत त्यातलं किती पोचलं हे बशी कधी सांगणार नाही. म्हणूनच बशीत शूर ठरलेला कडुनिंब जिवंत मेंढीत कधी चालतो, बऱ्याचदा चालत नाही. लसूण आणि पपईच्या बिया अमेरिकेत शेळ्या आणि कोकरांना देऊन अंडी मोजली, तो अभ्यास 2009 साली छापून आला. जंत आटोक्यात आले नाहीत. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ जंतांसाठी जो पारंपरिक पाठ सुचवतं त्यात कांदा, लसूण, मोहरी, जिरं, कडुनिंब, कारलं, हळद, केळीचा खांब, गूळ असं बरंच काही एकत्र वाटलेलं असतं. मिश्रणाचा गुण सुट्या लसणीवरून ठरवता येत नाही, हे कबूल. मग मिश्रण पाजून मोजा, एवढंच मागणं आहे.

मोजलं नाही तर माणूस कसा फसतो हे मी स्वतःवरून सांगतो. दिवाळीच्या सुमाराला मी माझ्या अकरा शेळ्यांपैकी सहांना पळसपापडीची पूड गुळात कालवून दिली, पाचांना नुसता गूळ. आधी आणि नंतर लेंड्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नेल्या. काम मोठं अवघड नाही: लेंडी मिठाच्या घट्ट पाण्यात कुस्करायची, गाळायची, रेघा आखलेल्या काचेच्या कप्प्यात भरून जरा थांबायचं. अंडी तरंगून वर येतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या साबुदाण्यासारखी दिसतात, आत दाण्यांचा घोस. सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत 1930 च्या दशकात निघालेली ही पद्धत आजही तीच आहे. दोन आठवड्यांनी पळसपापडीवाल्या सहा शेळ्यांची अंडी झकास उतरली होती. मी मनातल्या मनात लेखाचा मथळासुद्धा ठरवला. मग उरलेल्या पाचांचा कागद पाहिला. त्याही तेवढ्याच उतरल्या होत्या. गुळाने जंत मरतात म्हणायचं का? झालं होतं एवढंच की पाऊस संपला होता, गवत वाळलं होतं, रानातल्या अळ्या उन्हाने मेल्या होत्या, आणि पोटात नव्याने शिरलेले जंत आपली वाढ रोखून पुढच्या पावसाची वाट बघत निजले होते. कार्तिकात काहीही पाजा, गुण येतो. त्या पाच शेळ्या नसत्या तर आज मीही त्या व्यासपीठावर पहिल्या वक्त्याशेजारी बसलो असतो.

तुलनेला न पाजलेला गट ठेवणं ही प्रयोगशाळेची नखरेबाजी नाही, ती उघड्या माळावरही करता येते. पाश्चरने 1881 सालच्या मे महिन्यात पुई-ल-फोर गावी फाशी रोगाच्या (अँथ्रॅक्सच्या) लसीचा जाहीर प्रयोग केला, तो एका साशंक पशुवैद्याच्या आव्हानावरून. चोवीस मेंढ्या, एक शेळी आणि काही गुरांना लस. तितक्याच मेंढ्या, एक शेळी आणि काही गुरं लसीविना. मग सगळ्यांना जिवंत जंतू टोचले. 2 जूनला गावकरी, पत्रकार, शंकेखोर सगळे जमले, तेव्हा लस टोचलेल्या मेंढ्या उभ्या होत्या आणि न टोचलेल्या मेल्या होत्या किंवा मरणपंथाला लागल्या होत्या. ती लस नेमकी कशी बनवली याबद्दल पाश्चरने लोकांना खरं सांगितलं नव्हतं, हे पुढे त्याच्या वह्यांवरून उघड झालं; माणूस काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण त्या दिवशी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच कुणाला पडली नाही. दोन गट समोर पडले होते.

परंपरेचा कैवार घेणाऱ्यांनी तू योयो या चिनी बाईंची गोष्ट ऐकावी असं मला नेहमी वाटतं. हिवतापावरचं औषध शोधताना त्यांच्या चमूने जुन्या वैद्यकातल्या वनस्पतींचे ढीगभर अर्क तपासले. चिंगहाव या वनस्पतीचा अर्क कधी गुण दाखवी, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या ग्रंथात त्यांना एक ओळ सापडली: मूठभर चिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळण्याचा उल्लेखच नाही! उष्णतेने गुण जात असेल हे ताडून त्यांनी ईथरने, कमी तापमानाला अर्क काढला, आणि ऑक्टोबर 1971 मध्ये 191 क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतले हिवतापाचे परजीवी साफ केले. जुन्या ग्रंथाचा याहून मोठा मान कुणी केला असेल? त्यांनी तो पुराव्यासारखा वापरला नाही, पत्त्यासारखा वापरला; मग त्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावलं. त्यांना 2015 साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी, त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा वाटा आयव्हरमेक्टिनवाल्या कॅम्बेल आणि ओमुरा यांना गेला. आणि आयव्हरमेक्टिन कुठून आलं? जपानमधल्या एका गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीत राहणाऱ्या जिवाणूपासून. म्हणजे ज्याला आपण ‘केमिकल’ म्हणून नाकं मुरडतो त्याचं मूळही मातीतच.

राहिला ‘झाडपाल्याने अपाय तरी होत नाही’ हा युक्तिवाद. हे वाक्य शेळीपालकाने म्हणावं याचं मला नवल वाटतं. घाणेरी खाऊन कावीळ झालेली गुरं कुणी पाहिली नाहीत? कण्हेरीची पानं चुकून खाल्लेलं वासरू? किरमाणी ओव्यातल्या सँटोनिनने माणसांच्या पोटातले जंत पाडले, आणि त्या माणसांना सगळं जग पिवळं दिसू लागलं. नेच्याच्या एका जातीचा अर्क युरोपात पट्टकृमीवर दिला जाई. मात्रा थोडी चढली की दृष्टी जाई. चेनोपोडियम या वनस्पतीचं तेल अंकुशकृमीच्या मोहिमांमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरलं, त्याने माणसं दगावलीसुद्धा. आपल्या पळसपापडीतलं पॅलासोनिन हे द्रव्य रचनेने कँथारिडिनच्या नात्यातलं आहे, म्हणजे ज्या किड्याचा रस अंगाला लागला की फोड येतात त्याच्या विषाच्या भावकीतलं. जंत मारायचा तर विष लागणारच. प्रश्न मात्रेचा असतो, आणि पळसाच्या एका झाडाच्या बियांत गुण किती, दुसऱ्याच्या किती, माघातल्या पाल्यात टॅनिन किती, श्रावणातल्यात किती, हे मापल्याशिवाय मात्रा ठरणार कशी?

शिवाय माल आणायचा कुठून? महाराष्ट्रात 2019 च्या पशुगणनेनुसार एक कोटीवर शेळ्या आहेत. एका शेळीला एका वेळी दहा ग्रॅम वावडिंग, वर्षातून दोनदा, असा नुसता हिशेब धरा: वर्षाला 200 टन. वावडिंग शेतात पिकत नाही, ती जंगलातली वेल आहे, सह्याद्रीत आधीच विरळ झालेली. दुकानात वावडिंग म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं दुसऱ्याच झाडांचं फळ असतं. नैसर्गिक उपचाराच्या नावाने निसर्गच ओरबाडायचा असेल तर तसं स्पष्ट म्हणावं.

पण मला खरी चीड वेगळ्याच गोष्टीची येते. परंपरा परंपरा म्हणणाऱ्यांनी तिचा निम्मा भाग वाचलेलाच नाही. चरकाच्या विमानस्थानात कृमींवर तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: अपकर्षण, म्हणजे कृमी काढून टाकणं, प्रकृतिविघात, म्हणजे ते वाढतात ती परिस्थिती मोडणं, आणि निदानपरिवर्जन, म्हणजे मूळ कारणच टाळणं. आपण पहिल्या पायरीवर बसून पाला की बाटली यावर भांडतो आहोत. तिसरी पायरी कोण चढलं होतं? आपला मेंढपाळ. दव सुकेपर्यंत मेंढरं न सोडणारे म्हातारे मी पाहिले आहेत. जंताच्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यावर चढतात हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. उबदार ओलाव्यात अंड्यातून निघून अळी लागण करण्याजोगी व्हायला आठवडाभर लागतो. तोवर वाडा पुढच्या शिवारात गेलेला असे. माझ्या मते देशी पशुवैद्यकातलं सगळ्यात मोठं जंतनाशक म्हणजे ते चालणं. आज ऊस, तारेची कुंपणं आणि बंद झालेली वनं यांनी ते अडवलं आहे, कळप त्याच त्या गायरानात फिरतो आहे, आणि त्यावर उपाय म्हणून आपण पाल्याचा लगदा विकतो आहोत. मेळाव्यात चराईच्या वाटांबद्दल एक अक्षर निघालं नाही.

दुसऱ्या तटाची गोष्ट थोडक्यात, कारण तिथं वाद कमी आणि आळस जास्त. सगळ्या कळपाला ठरावीक तारखेला औषध पाजण्यानेच तर औषधाला न जुमानणारे जंत निवडून निवडून वाढवले. त्यात शेळीचं शरीर अल्बेंडाझोलसारखी औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, आणि आपण तिला मेंढीची मात्रा देतो, तीही वजन डोळ्यांनी अंदाजून. औषध बदललं म्हणून अल्बेंडाझोलऐवजी फेनबेंडाझोलचा डबा आणतो. डबा बदलला, कूळ तेच. दक्षिण आफ्रिकेत फाफा मालान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक तक्ता काढला: पापणीच्या आतल्या रंगाच्या पाच छटा, लालपासून पांढऱ्यापर्यंत. फिकट पडलेल्यांनाच पाजायचं, बाकीच्यांना सोडायचं. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, आणि न पाजलेल्यांच्या पोटातले साधे जंत टिकून राहिले तर औषधाची धारही टिकते. याला ना कंपनी लागते ना ऋषी. अंगठा आणि उजेड लागतो.

आमच्या वस्तीवर एक मावशी आहेत, साठ-पासष्ट मेंढरं बाळगून. पळसपापडीवर त्यांची श्रद्धा माझ्या आकड्यांनी हलली नाही. कार्तिकात दिलीस, भाद्रपदात द्यायची असती, म्हणाल्या. मुद्दा बरोबर होता. मग यंदा भाद्रपदात त्यांच्याच वीस मेंढ्यांवर करून बघायचं ठरलं, दहांना पळसपापडी, दहांना नुसता गूळ, शिंगावर लाल आणि निळा रंग, आणि पापणी फारच पांढरी पडली तर रंग न बघता बाटली. मी म्हटलं, “मावशी, दहा तुम्ही निवडा, दहा मी निवडतो.” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “म्हंजे तगड्या तगड्या तू गुळाला धरशील आन् मरतुकड्या माझ्या पापडीला व्हय?” मी म्हटलं, मग कसं करायचं? त्यांनी पदराला हात पुसले आणि नातवाला हाक मारली. “वही आण तुझी. वीस चिठ्ठ्या फाड.”